खान्देशात मोकळ्या अंगणाच्या, गाणं-बजावणं असलेल्या बारमध्ये जायचंय: आधी काय विचारावं, कुठं बसावं?

तुमचा प्रश्न असा आहे: पुण्याहून जळगावला बदली झाली आहे. एका शनिवारी तुम्ही, बायको आणि दोन सहकारी असे चौघं शहराबाहेरच्या एखाद्या जरा हटके गार्डन बारमध्ये जाणार आहात. तिथे लाइव्ह गाणी असतात, अंगणात बसायची सोय आहे. फसगत होऊ नये म्हणून काय बघावं?

अंगण बघा, मेन्यू नंतर. आपल्याकडे अशी संध्याकाळ जमते ती अंगणामुळे आणि बिघडतेही अंगणामुळेच.

जाण्याआधी फोन करा आणि पहिला प्रश्न हा विचारा: "भाऊ, ड्रिंक बाहेर गार्डनमध्ये देता की फक्त आत?" परमिट रूमचा परवाना (लोक त्याला एफएल-३ म्हणतात) जागेच्या मंजूर नकाशावर मिळतो. नकाशात जेवढी जागा दाखवली असेल तेवढ्यातच दारू देता येते. बऱ्याच ठिकाणी फक्त आतला हॉल नकाशात असतो आणि बाहेरचं लॉन 'फॅमिली गार्डन' म्हणून चालतं. तिथे जेवण मिळतं, दारू नाही. मग चौघांपैकी दोघं आत एसीत आणि दोघं बाहेर डासांत, अशी वाटणी होते. "बाहेर पण देऊ ना, कोण बघतं," असं उत्तर आलं तर समजून जा. धाड पडली तर गिऱ्हाइकाचीही फुकट पायपीट होते.

ढाब्याचं प्रकरण वेगळं. "बाटली तुम्ही आणा, बसायला जागा देतो भो," असं म्हणणारा ढाबा हा बार नव्हे. परवाना नसलेल्या अशा जागेला दारूबंदी कायद्यात गुत्ताच धरतात. चालवणाऱ्यावर कलम ६८ लागतं आणि तिथे बसून पिणाऱ्यावर कलम ८४. शेवभाजी तिथली कितीही भारी असली तरी ती नुसती जेवायला जा.

दुसरा प्रश्न गाण्याचा: "वादक किती आहेत, की ट्रॅकवर गातात?" छोट्या शहरात 'लाइव्ह म्युझिक'चा अर्थ बहुतेक वेळा एक गायक, एक लॅपटॉप आणि दोन स्पीकर एवढाच असतो. त्यात वाईट काही नाही, पण तो कराओके झाला. कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि ढोलकी किंवा तबला एवढे तिघं असले तरी फरक लगेच कळतो, कारण गायक एखाद्या ओळीवर थांबला तर वादक त्याच्यासाठी थांबतात. ट्रॅक थांबत नाही. एप्रिल-मे हे लग्नसराईचे महिने, तेव्हा बरे वादक शनिवार-रविवारी लग्नात अडकलेले असतात आणि बारमध्ये बदली माणूस येतो. त्या दिवसांत बुधवार-गुरुवार गाठा. भिंतीवर गिटार, कंदील, बैलगाडीचं चाक आणि जुना रेडिओ टांगलेला फोटो बघून हुरळू नका. सजावटीवर खर्च केलेला मालक साउंडवर करेलच असं नाही.

तिसरा प्रश्न वेळेचा: "गाणं किती वाजता सुरू होतं?" मोकळ्या जागेत लाउडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवावा लागतो, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग आहे. सरकार काही ठरावीक दिवशी १२ पर्यंत सूट देतं, पण तुमचा शनिवार त्यात असेलच असं नाही. म्हणजे गाणं ९ ला सुरू होणार असेल तर तुमच्या वाट्याला एकच तास येतो. ७:३० ला सुरू होणारी जागा धरा आणि सव्वासातला पोचा. दहानंतरही अंगणात स्पीकर दणदणत असेल तर शेजारच्या वस्तीतून फोन जातो, पोलिसांची गाडी येते आणि मैफल मधेच मोडते. काही ठिकाणी दहानंतर माइक बंद करून नुसती ढोलकी-हार्मोनियम घेऊन बसतात, आवाज हळू ठेवतात. खरी मजा तिथे असते.

आता बसायचं कुठं. याकडे कुणी लक्ष देत नाही आणि नंतर रात्रभर ओरडून बोलतात. मोकळ्या जागेत स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. ३ मीटरवर ९५ असेल तर ६ मीटरवर ८९ आणि १२ मीटरवर ८३. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल तर तिथे ८५ च्या पुढे आहे असं समजा. चौघांना गप्पाही मारायच्या आहेत आणि गाणंही ऐकायचंय, तर १०-१२ मीटर लांबचं टेबल मागा, तेही स्पीकरच्या थेट तोंडासमोरचं नको, थोडं कडेचं. स्पीकरच्या मागे बसलात तर शब्द गायब होतात आणि नुसता ठोका पोटात बसतो, कारण जाड आवाज चारी बाजूंना पसरतो, बारीक आवाज समोरच जातो.

पत्र्याच्या शेडखाली बसू नका. पत्रा आवाज परत फेकतो, ढोलकीचा प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो आणि गायकाचे शब्द कळत नाहीत. पावसाची सर आली तर मग बोलायलाच नको. लिंबाखालचं टेबल मिळालं तर सोडू नका. माइकची शिट्टी वारंवार वाजत असेल तर गायकासमोरच्या मॉनिटरचा (त्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून ठेवलेल्या स्पीकरचा) आवाज जास्त आहे किंवा माइकचं तोंड स्पीकरकडे आहे. साउंडवाल्याला नम्रपणे "मॉनिटर थोडा कमी करा ना भाऊ" म्हटलं तर बहुतेक जण ऐकतात.

हवा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो आणि फरशी, सिमेंटची टेबलं दिवसभराची धग रात्री नऊपर्यंत सोडत राहतात. हिरवळ किंवा शेणाने सारवलेलं अंगण लवकर निवतं, म्हणून उन्हाळ्यात फरशीपेक्षा लॉनवरचं टेबल घ्या. एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असल्याने मोठे कूलर छान काम करतात. जुलैत तेच कूलर नुसती ओल फेकतात, कारण दमट हवेत पाणी वाळत नाही. मेच्या शेवटी आणि जूनच्या सुरुवातीला संध्याकाळी वावटळ उठते, लाइट जाते. जनरेटर कुठे ठेवलाय ते बघून त्याच्या विरुद्ध बाजूला बसा. पावसाळ्यात पांढऱ्या दिव्याखाली किडे ताटात पडतात, पिवळ्या बल्बखाली त्यामानाने कमी येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा मोसम. तेव्हा मात्र स्वेटर घ्या, गारठा चांगलाच असतो आणि शेकोटीजवळची टेबलं आधीच गेलेली असतात.

परमिटचं थोडक्यात. महाराष्ट्रात दारू प्यायला कायद्याने परवाना लागतो. विदेशी दारूचा (कायद्याच्या भाषेत इथे बनलेली व्हिस्की, रम, बिअरही यातच येते) एक दिवसाचा ५ रुपयांचा परवाना बारमध्येच मिळतो, वर्षाचा १०० आणि आजीवन १००० रुपयांचा असतो. बिअरसाठी वय २१ पूर्ण हवं, व्हिस्की-रमसाठी २५. सहकारी चोवीस वर्षांचा असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे ड्राय डे, शिवाय निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास. गणेश विसर्जनाच्या दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो, तेव्हा फोन करूनच निघा.

पिण्याचं गणित बऱ्याच जणांचं चुकतं. छोटा पेग ३० मिली, मोठा ६०, क्वार्टर १८०, म्हणजे एका क्वार्टरमध्ये तीन मोठे. तीन जण तोच ब्रँड घेणार असतील तर सुटे पेग मागण्यापेक्षा सीलबंद क्वार्टर मागा आणि सील टेबलावर फोडायला लावा. पैसे वाचतात आणि पाणी मारल्याची शंकाही राहत नाही. "मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्याला हा हिशेब दाखवा: व्हिस्कीत अल्कोहोल ४२.८ टक्के, म्हणजे मोठ्या पेगमध्ये सुमारे २६ मिली. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली म्हणजे ५२ मिली. एक स्ट्राँग बाटली बरोबर दोन मोठे पेग. उन्हाळ्यात तहानेपोटी बिअर भराभर जाते आणि दुसऱ्या बाटलीनंतर माणूस स्टेजवर माइक मागायला लागतो. आधी पाण्याचा जग रिकामा करा, मग ग्लास हातात घ्या.

बर्फाकडे एक नजर टाका. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्याचा नसलेला बर्फ निळसर रंगाचा करायचा नियम आहे. लादी फोडून पोत्यातून आणलेला बर्फ ग्लासात येत असेल तर नको म्हणा आणि थंड सोडा मागा.

खाणं हा खान्देशी अंगणाचा खरा मान. चखण्याला उकडलेल्या शेंगा, केळीचे वेफर्स, मुळा-काकडी असं साधं घ्या. खारट-तिखट चखणा जितका जास्त तितकी तहान जास्त आणि ग्लास लवकर रिकामा, हे बारवाल्याला चांगलं ठाऊक असतं. शेवभाजी मागवाल तेव्हा "शेव वेगळी आणा" एवढं सांगाच. रस्सा गरम आणि शेव बाजूला असली की आपण खाताना घालतो. आधीच घातलेली शेव टेबलावर येईपर्यंत रस्सा पिऊन लगदा होते. काळ्या मसाल्याचं मटण हवं असेल तर दुपारीच फोनवर सांगा, नाहीतर सकाळच्या हंडीत तेल-तिखट ओतून ऊन केलेलं मिळेल. हिवाळ्यात भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी मिळते का ते विचारा. भरिताला हिरवी-पांढरट मोठी वांगी लागतात आणि ती कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजलेली हवीत. गॅसवर भाजलेल्या भरिताला धुराचा वास नसतो, पहिल्या घासालाच कळतं. भाकरी थापणाऱ्या मावशी बहुतेक ठिकाणी लवकर घरी जातात, म्हणून भाकरीची ऑर्डर साडेनऊच्या आत द्या. उशिरा सांगितलीत तर तंदुरी रोटीवर भागवावं लागेल.

फर्माईश चिठ्ठीवर लिहून ब्रेकमध्ये द्या, गाणं चालू असताना स्टेजपाशी जाऊन उभे राहू नका. स्वतः गायचं असेल तर पट्टी सांगा, निदान "माझा आवाज खालचा आहे" एवढं तरी. मूळ पट्टीत सुरू झालं की अंतऱ्याला गळा बसतो आणि सगळं गार्डन बघत राहतं. अहिराणी गाणं मागितलंत तर वादक खुलतात, पण ते शेवटाकडे मागा, कारण त्यानंतर सगळं अंगण नाचायला उठतं आणि गझल परत येत नाही. बक्षीस हातात द्या किंवा डब्यात टाका. नोटा उधळणं हा वेगळाच प्रकार. बारमधल्या नाचाबद्दलच्या २०१६ च्या कायद्यात त्यावर बंदी आहे आणि २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातही ती टिकली. जिथे नोटा उडताना दिसतील ती जागा तुमच्या चौघांची नाही, बिल मागा आणि उठा.

बिल वाचून द्या. जेवणावर जीएसटी ५ टक्के, दारूवर जीएसटी नाही, परमिट रूममध्ये तिच्यावर १० टक्के व्हॅट (नोव्हेंबर २०२३ पासून). जेवण १२०० आणि दारू २००० झाली तर ६० अधिक २००, एकूण ३४६०. सगळ्या रकमेवर सरसकट जीएसटी लावला असेल तर दाखवून द्या.  सर्व्हिस चार्ज द्यायचा की नाही हे तुमच्या मर्जीवर, काढा म्हटलं की काढावा लागतो.

परतीचं आधी ठरवा. चौघांपैकी एक जण अजिबात पिणार नाही, 'एकच घेईन' हा पर्याय नाही. रक्तात १०० मिलीला ३० मिलीग्रॅम ही मर्यादा आहे, पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. एका छोट्या पेगात सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असतं आणि शरीर ते तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम या वेगाने बाहेर काढतं. चार मोठे पेग म्हणजे ८ ते ११ तास, तेव्हा सकाळी सातला गाडी काढणाराही मोकळा नसतो. लिंबू-सरबत, काळी कॉफी, आंघोळ यांनी तो वेग बदलत नाही. शहराबाहेरून रात्री रिक्षा मिळत नाही, म्हणून जातानाच रिक्षावाल्याशी परतीचे पैसे आणि वेळ ठरवून त्याचा नंबर घ्या. हायवेवर ट्रक आणि बिनलाइटच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात, आणि उसाची-केळीची ट्रॉली मागून शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही.

पुढे कधी नंदुरबार-नवापूरकडे गेलात तर उरलेली बाटली सोबत घेऊ नका. नवापूर रेल्वे स्टेशनचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, आणि पलीकडे दारूबंदी. फलाटावर फेरफटका मारता मारता तुम्ही दुसऱ्या राज्यात गेलेले असता.