बँक की आयटी? टीवायच्या मुलीला उत्तर

तू विचारलंयस, घरचे बँकेच्या परीक्षांवर अडून बसलेत, तुला मात्र नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये जायचंय, तर काय करू?

आधी आईबाबांच्या मनातली खरी भीती शोध. माझ्या घरी ती पगाराची नव्हतीच, रात्री उशिरा परतण्याची होती. मी ऐरोलीतल्या एका सीनियर ताईला घरी बोलावलं. कंपनीची कॅब दारापर्यंत कशी सोडते, हे तिने आईला पोह्यांची बशी हातात घेऊन सांगितलं, आणि तिथेच अर्धी लढाई संपली. तूही असं कुणी गाठ.

आणि घाबरू नकोस गं, आयबीपीएस पीओला, म्हणजे सरकारी बँकांमधल्या अधिकारीपदाच्या परीक्षेला, खुल्या गटातूनही ३० वर्षांपर्यंत बसता येतं. तेव्हा आधी आयटीतली नोकरी करून बघ. फक्त लोकलची वेळ सोयीची म्हणून काहीही निवडू नकोस.