इंग्रजीत इतिहास लिहिताना गावांची नावं जुनी वापरावीत की आजची?

राजर्षी शाहू महाराजांच्या काळावर इंग्रजीत लेख लिहिताना बॉम्बे-पूना लिहायचं की मुंबई-पुणे, असं तुम्ही विचारलंय. मी कोल्हापुरात स्थानिक इतिहासावरचे इंग्रजी मजकूर तपासतो. माझं मत स्पष्ट आहे: मुंबई आणि पुणेच लिहा. मुंबईचं इंग्रजी नाव सरकारी कागदांवर 1995 साली बदललं, पुण्याचं त्याच्याही आधी. पण आपली माणसं कितीतरी आधीपासून मुंबई-पुणेच म्हणत होती. त्यामुळे 1922 साली महाराजांचं निधन मुंबईत झालं, असं इंग्रजीत लिहिलं तर काही चुकत नाही.

रूढ झालेल्या नावांना मात्र हात लावू नका. पूना पॅक्ट, बॉम्बे प्रेसिडेन्सी, 1802 ची ट्रीटी ऑफ बसीन (वसईचा तह) हे सगळं तसंच ठेवा. जुन्या पत्रातला उतारा देत असाल तर त्यातलं स्पेलिंगही बदलू नका.

छत्रपती संभाजीनगरची गोष्ट वेगळी, कारण तिथं नुसतं स्पेलिंग नाही, नावच बदललंय. निजामाच्या राजवटीबद्दल लिहिताना औरंगाबादच हवं. पहिल्या उल्लेखाला कंसात आजचं नाव द्या, म्हणजे झालं.

खरी गोची आमच्या कोल्हापूरचीच होते. नाव तेच राहिलं, हद्द बदलली, त्यामुळे चूक पटकन लक्षात येत नाही. कुरुंदवाड आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे, पण तेव्हा ते पटवर्धनांचं स्वतंत्र संस्थान होतं. उलट रायबाग कोल्हापूर संस्थानात होतं, ते आज कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात आहे. मार्च 1920 ची अस्पृश्यांची माणगाव परिषद झाली ते माणगाव आज हातकणंगले तालुक्यात येतं. तेव्हा ते कागल जहागिरीत होतं. हा फरक सांगितलाच पाहिजे, नाहीतर बाबासाहेब आणि महाराज कागलकरांच्या मुलखात एकत्र आले होते, हेच वाचकाला कळत नाही. करवीरचंही तसंच: आज तो एक तालुका, तेव्हा अख्खं संस्थान. म्हणून नुसतं कोल्हापूर लिहून पुढं जाऊ नका. शहर, संस्थान की जिल्हा, ते प्रत्येक ठिकाणी लिहा.

आणि लेखाला नकाशा जोडणार असाल तर तो मार्च 1949 च्या, म्हणजे कोल्हापूर संस्थानाच्या विलीनीकरणाच्या आधीचा घ्या.