वाचकांचे प्रश्न : उत्सवात कॅमेरा घेऊन जाताना

प्रश्न : येत्या सोमवती अमावस्येला जेजुरीला जाऊन पालखीची छायाचित्रे काढण्याचा विचार आहे. भंडाऱ्याने कॅमेरा कायमचा बिघडतो, असे मित्र घाबरवतात. कॅमेरा नवा आहे आणि त्याचे हप्ते अजून फिटायचे आहेत. काय काळजी घ्यावी? शिवाय सगळ्यांच्या संग्रहात असतो तोच पिवळा फोटो माझ्याही पदरी पडू नये, यासाठी काय करता येईल?
— एक वाचक, सातारा

उत्तर : मित्र म्हणतात त्यात तथ्य आहे. हळदीची पूड अतिशय बारीक असते, आणि पालखी गडावरून खाली उतरताना ती इतकी उधळली जाते की समोरचा माणूस क्षणभर दिसेनासा होतो. घरून निघतानाच कोणती लेन्स वापरायची ते ठरवून ती बसवावी आणि घरी परतेपर्यंत बदलू नये. झूम करताना लांबी वाढणारी लेन्स भात्यासारखी हवा आत ओढते आणि त्या हवेबरोबर भंडाराही आत जातो. म्हणून ३५ किंवा ५० मिलिमीटरची, लांबी न बदलणारी लेन्स असेल तर तीच न्यावी. लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर लावावा, कॅमेऱ्याला पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घालून ती लेन्सच्या कडेला रबराने आवळावी आणि बटणे पिशवीवरूनच दाबावीत. मोबाइल वापरणार असाल तर चार्जिंगच्या खाचेवर चिकटपट्टी लावायला विसरू नये. परत आल्यावर ओल्या कापडाने पुसण्याची घाई मात्र मुळीच करू नये, कारण हळद भिजली की तिचा लेप होतो आणि तो फटीफटींत जाऊन बसतो. आधी रबरी फुग्याने हवा मारावी, मग मऊ कोरड्या ब्रशने झटकावे आणि कापडाचा नंबर सर्वांत शेवटी लावावा.

आता त्या पिवळ्या फोटोविषयी. सगळ्यांचे फोटो सारखे दिसतात याचे एक कारण असे की बहुतेक जण एकाच उंच जागेवरून गर्दीचा एकच गोळा टिपतात, आणि दुसरे असे की रंगाचा निर्णय ते कॅमेऱ्यावर सोडतात. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाप्रमाणे रंग आपोआप जुळवणारी सोय, हा पिवळेपणा दोष समजून काढू पाहते आणि सोन्याची जेजुरी आजारी माणसासारखी फिकट दिसू लागते; त्यामुळे व्हाइट बॅलन्स उन्हाच्या सेटिंगवर कायम ठेवावा. उधळलेला भंडारा उजळून दिसतो तो प्रकाश त्याच्या मागून आला तरच. म्हणून पालखी येण्याच्या आधी सूर्य कोणत्या बाजूला आहे ते पाहून त्याच्या समोर तोंड करून उभे राहावे, फक्त सूर्यबिंब एखाद्या दीपमाळेआड किंवा कमानीआड झाकले जाईल अशी जागा शोधावी. पालखी निघण्याची वेळ तिथीप्रमाणे दर वेळी बदलते. ती आदल्या दिवशी गावात विचारून घ्यावी आणि त्यानुसार जागा ठरवावी.

माझे वैयक्तिक मत विचाराल तर गडावरची गर्दी टिपून झाल्यावर कॅमेरा बंद करू नये. पालखी पुढे कऱ्हा नदीवर स्नानासाठी जाते. त्या वाटेवर दारात उभ्या असलेल्या कुटुंबांत, भंडारा-खोबऱ्याच्या दुकानांत आणि नदीकाठी हातपाय धुताना अर्धे पिवळे, अर्धे मूळ रंगाचे झालेल्या माणसांत जे सापडते, ते गडाच्या पायऱ्यांवर क्वचितच सापडते.

प्रश्न : गेल्या आषाढी वारीत एका विसाव्याच्या ठिकाणी पाय चोळत बसलेल्या आजींचा फोटो मी काढला. शेजारच्या बाईंनी लगेच, “इचारलं का तिला?” असे म्हणून मला फटकारले. सार्वजनिक जागी फोटो काढायला परवानगी लागते का? आणि विचारले की माणसे पदर सावरून ताठ बसतात, फोटोतला जीव निघून जातो, त्याचे काय करावे?
— एक वाचिका, बारामती

उत्तर : रस्त्यावरून चाललेल्या मिरवणुकीचे किंवा दिंडीचे छायाचित्र हौसेखातर काढण्यास आपल्याकडे सर्वसाधारणपणे कायद्याची आडकाठी नाही. मात्र एखादी स्त्री खासगी क्रिया करत असताना, आपल्याला कोणी पाहत नाही असे ती धरून चालली असेल अशा परिस्थितीत तिचे चित्र टिपणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार गुन्हा आहे. वारीत ही गोष्ट नुसती पुस्तकी राहत नाही. लाखो माणसे कित्येक दिवस उघड्यावर राहतात, टँकरपाशी किंवा नदीकाठी आंघोळी उरकतात, झाडाखाली कपडे बदलतात. जागा सर्वांची असली तरी ते क्षण सर्वांचे नसतात. अशा ठिकाणी कॅमेरा पिशवीतच राहिला पाहिजे, आणि ‘छान प्रकाश होता’ ही सबब मला तरी मान्य नाही.

आजींच्या फोटोत कायद्याचा काही प्रश्न नव्हता, तरी त्या बाई रागावल्या ते योग्यच झाले. विचारल्यावर माणसे ताठ बसतात हे तुमचे निरीक्षण खरे आहे. पण ती ताठ बसतात ती पहिल्या फोटोपुरती. तो फोटो निमूटपणे काढावा, पडद्यावर त्यांना दाखवावा, कुठल्या गावाच्या, कितवी वारी, असे दोन शब्द बोलावेत आणि तिथेच बसून राहावे. पाच मिनिटांत आजी पुन्हा पाय चोळू लागतील, आणि तुम्ही तिथे आहात हे ठाऊक असताना घेतलेला तो फोटो चोरून घेतलेल्या फोटोपेक्षा जवळचा असेल. गावाचा पत्ता घेऊन नंतर एक छापील प्रत टपालाने पाठवावी. मोबाइलवर पाठवतो असे सांगणारे पुष्कळ असतात. हातात कागद देणारे विरळा, आणि आजींच्या घरी भिंतीवर लागतो तो कागद.

याहून चांगला उपाय म्हणजे एका मुक्कामापासून दुसऱ्यापर्यंतची वाट एकाच दिंडीबरोबर चालणे. सकाळी विणेकऱ्यांना किंवा दिंडीप्रमुखांना नमस्कार करून हेतू सांगितला की सहसा कोणी नाही म्हणत नाही, उलट दुपारच्या पंगतीत तुमचेही पान मांडले जाते. दिवे घाटात रस्ताभर पसरलेल्या पालखी सोहळ्याचा फोटो सुंदर येतो हे मान्य, पण तो वरच्या वळणावर उभे राहणाऱ्या प्रत्येकालाच मिळतो. तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेली बाई चढ संपल्यावर ते कोणाच्या हाती देते आणि मान कशी मोकळी करते, हे तिच्या मागे चार तास चाललेल्यालाच दिसते.

रिंगणाविषयी आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे गोल रिंगण सदाशिवनगरला किंवा तुकाराम महाराजांच्या पालखीचे बेलवाडीला पाहणार असाल, तर धावत्या अश्वासाठी शटरचा वेग १/१००० सेकंद किंवा त्याहून अधिक लागेल. परंतु अश्व फेरी पुरी करून गेला की बहुतेक छायाचित्रकार कॅमेरा खाली घेतात आणि नेमक्या त्याच वेळी वारकरी रिंगणात धावत येऊन टापांखालची माती कपाळाला लावतात. त्या दोन मिनिटांसाठी मेमरी कार्डात जागा ठेवावी.

प्रश्न : पुण्यातल्या विसर्जन मिरवणुकीत रात्री काढलेल्या माझ्या फोटोंवर आडवे काळे पट्टे येतात आणि ढोल वाजवणारे पुतळ्यासारखे गोठलेले दिसतात. कॅमेरा सदोष असेल का?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : कॅमेरा ठीक आहे. आपल्याकडील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्यामुळे पुष्कळसे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण शटरचा वेग फार असला तर चित्राच्या काही भागावर दिव्याचा अंधार उमटतो. वेग १/१०० किंवा १/५० ठेवल्यास बहुतेक वेळा पट्टे जातात. रोषणाईच्या काही स्वस्त एलईडी पट्ट्या मात्र याला दाद देत नाहीत. वेग असा कमी केल्याने तुमच्या दुसऱ्या तक्रारीचेही निवारण होते. १/५० किंवा १/३० वर वादकाचा चेहरा स्थिर आणि टिपरू धरलेला हात पुसट येतो, आणि ढोल वाजतो आहे असे चित्र पाहूनच वाटते. त्यासाठी स्वतःचे कोपर अंगाशी घट्ट धरून उभे राहण्याची सवय करावी लागेल. लेझरच्या झोतासमोर मात्र कॅमेरा किंवा मोबाइल कधीही धरू नये, त्याने सेन्सरवर कायमचे डाग पडू शकतात. डोळ्यांना असलेला धोका तर वेगळाच.

आणि रात्रीचाच हट्ट कशाला? मानाच्या गणपतींची मिरवणूक सकाळी मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून निघते. लक्ष्मी रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या इमारतींमुळे दिवसा जी मऊ सावली असते, तीत गुलालाचा रंग आणि नऊवारीचे काठ जसे येतात तसे रात्रीच्या निळ्या-जांभळ्या दिव्यांत कधीच येत नाहीत.

प्रश्न : मी काढलेला मूर्तीचा फोटो आमच्या भागातील एका मंडळाने मला न विचारता, नावाशिवाय फ्लेक्सवर छापला. मंडळाचे म्हणणे, मूर्ती आमची तर फोटोही आमचा. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार छायाचित्राचा पहिला मालक ते काढणारा असतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. मंडळाने मोबदला ठरवून तुमच्याकडून फोटो काढून घेतला असता आणि वेगळा करार नसता, तर मात्र मालकी मंडळाकडे गेली असती. तुम्ही हौसेने काढला असल्यामुळे तसे झालेले नाही. तरीही वकिलाची नोटीस हा पहिला उपाय नव्हे. कार्यकर्ते तुमच्याच गल्लीतले असणार. अध्यक्षांना समक्ष भेटून पुढच्या छपाईत नाव घालण्याचे कबूल करून घ्यावे आणि ते दोन ओळींत लिहून घ्यावे. मूळ फाइल जपून ठेवावी, कारण तारीख-वेळेसह सगळा तपशील तिच्यातच असतो. यापुढे मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकताना लहान आकाराचाच टाकावा. त्यावरून दहा फुटी फ्लेक्स छापला तर चेहरे फुटतात, आणि मग मूळ फाइलसाठी मंडळच तुमच्या दारात येते.