उपेक्षा म्हणजे काणाडोळा नव्हे

प्रश्न : आमच्या सोसायटीत आफ्रिकन विद्यार्थ्यांना घरे भाड्याने देऊ नयेत, असा सूर आहे. मी योगवर्ग घेते. पतंजलींनी अपुण्याबाबत ‘उपेक्षा’ सांगितली आहे. मग गप्प राहावे का? (पुणे)

उत्तर : नाही. पतंजलींच्या योगसूत्रांच्या पहिल्या भागातले, म्हणजे समाधिपादातले ३३वे सूत्र चार भावना चार प्रकारच्या माणसांसाठी सांगते. सुख्याशी मैत्री, दुःख्याबद्दल करुणा, पुण्यवानाबद्दल मुदिता म्हणजे आनंद आणि अपुण्य करणाऱ्याची उपेक्षा. तुमच्यासमोर दोन माणसे आहेत : दारातून परत पाठवलेला विद्यार्थी आणि त्याला परत पाठवणारा. उपेक्षा या दुसऱ्याची करायची, म्हणजे त्याच्याविषयीची चीड मनात घोळवत बसायचे नाही. विद्यार्थ्याच्या वाट्याला करुणा येते. योगसूत्रांवर टीका लिहिणाऱ्या वाचस्पती मिश्रांच्या मते करुणा म्हणजे आपले दुःख सरावे असे वाटते तसेच दुसऱ्याचेही सरावे ही इच्छा. गप्प बसलात तर उपेक्षा भलत्याच माणसाची होते.

दुसऱ्या भागातले, म्हणजे साधनपादातले ३४वे सूत्र तर थेट सभेत उपयोगी पडेल असे आहे. हिंसा कृत (स्वतः केलेली), कारित (दुसऱ्याकडून करवलेली) किंवा अनुमोदित (संमती दिलेली) असते. तिच्यामागे लोभ, क्रोध वा मोह, म्हणजे भ्रम, असतो. ती मृदू, मध्यम वा तीव्र असते. हे झाले २७ प्रकार, योगसूत्रांवरचे जुने विवरण असलेले व्यासभाष्य ते ८१ पर्यंत नेते. ‘त्यांना नकोच’ यावर मान डोलावली की ती अनुमोदित हिंसा. एजंटाला ‘तसले भाडेकरू आणू नका’ असे बजावले की कारित. ‘फ्लॅटचा भाव उतरेल’ यामागे लोभ आहे, ‘ते लोक तसेच’ यामागे मोह.

मूळ ओळखले की बोलणे सोपे जाते. भाव उतरण्याची धास्ती असलेल्याला करुणेवर प्रवचन देऊ नका. नोंदणीकृत भाडेकरार, अनामत रक्कम, पोलीस पडताळणी आणि परदेशी व्यक्तीची सक्तीची ऑनलाइन नोंद हे सारे त्याच्यापुढे ठेवा आणि सोसायटीचे नियम सगळ्या भाडेकरूंना सारखेच हवेत असा आग्रह धरा. तरीही ठराव आलाच, तर आपला विरोध इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. तोंडी विरोध पुढच्या सभेपर्यंत विरून जातो.

प्रश्न : साधनपादाच्या ३१व्या सूत्रात ‘जाति’ हा शब्द आहे. पतंजली वंशभेदाविरुद्ध होते असे म्हणता येईल का?

उत्तर : ते ओढूनताणून होईल. भाष्यातले उदाहरण मासे मारणाऱ्याचे आहे : त्याची हिंसा माशांपुरती, इतरांची नाही. म्हणजे इथे जाति हा प्राण्यांचा वर्ग. पण सूत्राचा रोख सवलतींवर आहे. तीर्थावर मारणार नाही, चतुर्दशीला मारणार नाही, अशा सगळ्या अटी गळून पडल्या की यम, म्हणजे अहिंसा, सत्य यांसारखी व्रते, ‘महाव्रत’ ठरतात. ‘माझी अहिंसा आपल्या माणसांपुरती’ हीदेखील अशीच सवलत आहे. हे सूत्र पाठ असलेल्या समाजाने अस्पृश्यताही पाळली, म्हणून केवळ पाठांतरावर विसंबू नये.

प्रश्न : समोर कुणाचा रंगावरून अपमान झाला की एकतर संताप येतो, नाहीतर तोंडच उघडत नाही. काय करावे?

उत्तर : आधी तालीम करावी. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीतले कार्यकर्ते जेम्स लॉसन १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते आणि तिथे त्यांनी गांधींच्या अहिंसक लढ्याचा अभ्यास केला. अमेरिकेत परतल्यावर नॅशव्हिल शहरातल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी कार्यशाळा घेतल्या. काही जण हल्लेखोर होऊन शिव्या देत, खुर्च्या ओढत, तोंडावर धूर सोडत. बाकीचे प्रतिकार न करता जागेवर बसून राहायला शिकत. मग १३ फेब्रुवारी १९६० रोजी हे विद्यार्थी फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या लंच काउंटरवर जाऊन बसले. १० मे रोजी शहरातल्या सहा दुकानांनी आपले काउंटर कृष्णवर्णीयांना खुले केले.

तुमच्या वर्गात तिघांचा गट करा : बोलणारा, झेलणारा, पाहणारा. दहा मिनिटे पुरतात. पाहणाऱ्याने एक लांब उच्छ्वास सोडून झेलणाऱ्याच्या शेजारी उभे राहावे आणि ‘मी इथे थांबू का?’ असे विचारावे. मग बोलणाऱ्याला एकच वाक्य : ‘हे बोलणं चूक आहे, थांबा.’ पुढे वाद घालू नये. बहुतेकांचे इथेच चुकते. ते आधी बोलणाऱ्यावर धावून जातात, भांडण त्या दोघांचे होते आणि ज्याचा अपमान झाला तो एकटा पडतो. मोबाइलवर चित्रीकरण करायचे तर त्यालाच विचारून.

नंतर भूमिका बदला. झेलणाऱ्याची भूमिका प्रत्येकाने एकदा तरी करावी. मात्र ज्याने हे प्रत्यक्ष भोगले आहे, त्याच्यावर ती लादू नये.