डिझेल फिल्टर चोक झालाय हे कसं ओळखायचं?

तुमची गाडी 2014 ची डिझेल. सात रस्ता ते जुळे सोलापूर छान पळते, पण चौघं बसवून तुळजापूरला निघालात की घाटात दम सोडते. मेकॅनिक म्हणतोय डिझेलचा हायप्रेशर पंप गेला, आणि तुम्ही विचारताय की आधी फिल्टर बघावा का. हो, आधी फिल्टरच बघा. तोवर पंप खोलू देऊ नका. मी विजापूर रोडला डिझेल गाड्यांचंच काम करतो, आणि तुम्ही लिहिलेली लक्षणं बहुतेक वेळा फिल्टरपाशीच येऊन थांबतात.

कारण सरळ आहे. शहरात चाळीसच्या स्पीडला इंजिन डिझेल पितं किती? अर्धाअधिक चोक झालेला फिल्टरसुद्धा तेवढं सोडतो. घाटात लोड आला, तुम्ही पाय दाबलात की मागणी एकदम वाढते आणि फिल्टरमधून तेवढं डिझेल येत नाही. रेलचं, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीचं, प्रेशर पडतं. गाडीच्या कॉम्प्युटरला ते कळलं की तो इंजिनचा दिवा लावतो आणि ताकद कापतो. मग कितीही रेस द्या, गाडी ठरावीक आरपीएमच्या वर चढतच नाही. म्हणून गाडी कुठे बंद पडली यापेक्षा किती लोडवर ढिली पडली ते बघा. पुणे हायवेला साठच्या स्पीडला सुरळीत आणि नव्वदकडे जाताना मागून कुणीतरी धरल्यासारखी, असं होत असेल तर संशय फिल्टरवरच घ्यायचा.

आणखी एक खूण. गाडी ढिली पडल्यावर बाजूला घेऊन दहा मिनिटं बंद ठेवली की परत थोडा वेळ नीट चालते. ओढ थांबली की चिकटलेला कचरा खाली बसतो. हे टाकीतल्या जाळीमुळेही होतं, त्यामुळे फिल्टर बदलून फरक पडला नाही तर टाकी उतरवून जाळी बघायला सांगा.

सकाळी सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो, हेही चोक फिल्टरचं लक्षण म्हणून सांगतात. ते खरं आहे, पण तेवढ्यावर जाऊ नका. लाइन कुठेतरी एअर घेत असेल तरी असंच होतं. आरपीएम वाढतोय आणि स्पीड वाढत नाही, तर क्लच प्लेट. ताकद गेली आणि मागून काळा धूर येतोय, तर एअर फिल्टर नाहीतर टर्बोचा होज (हवेचा रबरी पाइप) फाटलेला. डिझेलच कमी पडतंय, तेव्हा सहसा काळा धूर निघत नाही.

आता मुख्य तपासणी. इंजिन बंद आणि थंड असताना फिल्टरच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि पंधरा मिनिटं हलवू नका. पाणी असेल तर खाली बसतं, वर पिवळसर डिझेल, आणि मधली रेघ स्पष्ट दिसते. तळाला तांबूस गंज दिसला तर टाकीही साफ करून घ्या, नाहीतर नवा फिल्टर काही महिन्यांत तसाच होईल. मोहोळ, बार्शीकडून येणाऱ्या गाड्यांत मला हे पाणी जास्त दिसतं. ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये साठवलेलं डिझेल अडीनडीला कॅननं गाडीत ओतलं जातं, आणि अर्धा रिकामा ड्रम दिवसा तापून रात्री गार झाला की आत दव धरतं. कृपा करून तसं डिझेल कॉमन रेल गाडीत, म्हणजे वर सांगितलेली रेल असलेल्या गाडीत, घालू नका. नोझलच्या आतल्या फटी काही मायक्रॉनच्या असतात, पाण्यानं त्या गंजतात, आणि एका नोझलच्या पैशात कितीतरी फिल्टर येतात.

जुना फिल्टर मेकॅनिकला समोर कापायला लावा. घड्या काळ्या होऊन एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या तर कारण सापडलं. पण कागदावर चांदीसारखा चमकणारा बारीक चुरा दिसला तर तुमच्या मेकॅनिकचं बरोबर आहे: पंप आतून झिजतोय, आणि तो चुरा नोझलपर्यंत जायच्या आत गाडी उभी करा.

नवा फिल्टर बसवल्यावर हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबून एअर काढायची, मगच सेल्फ मारायचा. कोरड्या लाइनवर सेल्फ मारत राहिलं तर हायप्रेशर पंप खराब होतो. आणि चालू इंजिनवर रेलचा पाइप कुणालाही सैल करू देऊ नका. तिथे हजार बारच्या वर प्रेशर जाऊ शकतं, ती धार कातडीतून आत घुसते.

पेट्रोल गाडीवाल्यांसाठी थोडक्यात: आता बऱ्याच गाड्यांत फिल्टर टाकीतच, पंपासोबत असतो. मागच्या सीटखालून नेहमीपेक्षा मोठा घूं-घूं आवाज येऊ लागला तर दुर्लक्ष करू नका.

फिल्टर बदलल्यावर स्कॅनर (कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून गाडी चढावर चालवा आणि रेल प्रेशरचे दोन आकडे बघा, कॉम्प्युटरनं मागितलेलं आणि प्रत्यक्ष मिळालेलं. उभ्या गाडीवरचे आकडे कामाचे नाहीत. पूर्ण रेसमध्येही दोन्ही जवळजवळ राहिले तर पंप ठीक आहे. तरीही अंतर पडत असेल तर ते आकडे आणि बाटलीचा फोटो इथे टाका, पंपाचं काय करायचं ते मग सांगतो.