सर्व काही पाहणाऱ्या यंत्राचे चित्रपट कुठे जमतात आणि कुठे फसतात

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: 'ईगल आय' सुरुवातीला खिळवून ठेवतो आणि नंतर हातातून निसटतो, तो का, या प्रकारातले आणखी कोणते चित्रपट पाहावेत, आणि पुण्यात चौकाचौकांत कॅमेरे लागलेले असताना पडद्यावर दाखवतात तसा एखाद्या माणसाचा शहरभर माग काढणे खरोखर शक्य आहे का. तिन्ही प्रश्नांचे उत्तर माझ्या मते एकाच ठिकाणी सापडते, आणि ते म्हणजे यंत्राची मर्यादा. जे यंत्र सर्व पाहते, सर्व ऐकते आणि वाटेल ते घडवून आणते, त्याच्यापासून पळणाऱ्या माणसाची गोष्ट रंगत नाही. तो वाचला तर केवळ लेखकाच्या मर्जीने वाचला, हे प्रेक्षकाला लगेच कळते.

डी. जे. करूसो यांचा 'ईगल आय' २००८ साली आला. झेरॉक्सच्या दुकानात काम करणारा जेरी शॉ घरी येतो तो खोलीभर शस्त्रास्त्रे पाहून हादरतो, फोन वाजतो आणि एक अनोळखी बाई त्याला हुकूम सोडू लागते. हा आवाज कोणाचा हे जोवर आपल्याला ठाऊक नसते, तोवर आपण आणि जेरी सारखेच अंधारात असतो, आणि तोवर चित्रपट उत्तम चालतो. पुढे कळते की हा आवाज 'आरिया' नावाच्या लष्करी संगणकाचा आहे. त्यानंतर तो क्रेन हलवतो, सिग्नल बदलतो, आणि हुकूम न मानणाऱ्या एका माणसावर भर माळरानात विजेच्या तारा पाडतो. इथे चित्रपट फसतो. तारा हव्या तिथे, हव्या त्या क्षणी पाडता येत असतील, तर पुढच्या पाठलागाला अर्थ कसा उरणार?

गंमत अशी की मर्यादेची कल्पना याच कथेत आहे आणि ती फार चांगली आहे. जेरीच्या जुळ्या भावाने मरण्यापूर्वी या यंत्राला आपल्या चेहऱ्याचे आणि आवाजाचे कुलूप घातलेले असते, म्हणून एवढ्या बलाढ्य संगणकाला झेरॉक्सच्या दुकानातल्या या पोराची गरज पडते. यावर अख्खा चित्रपट उभा राहिला असता. दिग्दर्शकाने मात्र ही गोष्ट दोन वाक्यांत उरकली आणि वेळ दिला गाड्यांच्या चक्काचुराला. मला याचे अजूनही वाईट वाटते.

ज्या प्रसंगाला बरेच लोक हसले, त्याच्या बाजूने मात्र मी बोलेन. आवाज बाहेर न जाणाऱ्या खोलीत काही माणसे बोलत बसलेली असतात, आणि संगणक कपातल्या कॉफीवर उठणाऱ्या तरंगांवरून त्यांचे बोलणे ओळखतो. २०१४ साली अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी ध्वनिरोधक काचेपलीकडे ठेवलेल्या वेफर्सच्या रिकाम्या पिशवीचे चित्रण केले आणि त्या पिशवीच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कंपनांवरून खोलीतले शब्द पुन्हा ऐकता येतील इतपत मिळवले. मात्र त्यासाठी सेकंदाला हजारो चित्रे टिपणारा कॅमेरा समोर नीट रोखून ठेवावा लागला. म्हणजे कल्पना खोटी नव्हती. छताच्या कोपऱ्यातल्या साध्या कॅमेऱ्याने ती साधेल हे खोटे होते.

यानंतर पाहायचा तो टोनी स्कॉट यांचा 'एनिमी ऑफ द स्टेट' (१९९८). पाणपक्ष्यांवर नजर ठेवण्यासाठी तळ्याकाठी लावलेल्या कॅमेऱ्यात एका राजकारण्याचा खून टिपला जातो, ते चित्रण विल स्मिथने साकारलेल्या वकिलाच्या पिशवीत त्याच्या नकळत येऊन पडते आणि सारी यंत्रणा त्याच्या मागे लागते. त्यातला एक प्रसंग बारकाईने पाहा. कपड्यांच्या दुकानातल्या कॅमेऱ्याच्या चित्रात वकिलाच्या हातातली पिशवी दिसते. तंत्रज्ञ ते चित्र पडद्यावर असे काही फिरवतात की जणू कॅमेरा पिशवीच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. जे कॅमेऱ्याने टिपलेच नाही ते कोणताही संगणक 'दाखवू' शकत नाही. तो फार तर अंदाज बांधू शकतो. तसा अंदाजच आहे, अशी कबुली त्या तंत्रज्ञांच्याच तोंडी आहे, आणि पिशवीचा आकार बदललेला पाहून तिच्यात काहीतरी टाकले असावे असा तर्क माणसेच करतात. एवढ्या धावपळीच्या चित्रपटात ही काळजी कोणीतरी घेतली, याचे मला कौतुक वाटते.

उपग्रहांच्या बाबतीत मात्र त्याच चित्रपटाने भरपूर सूट घेतली आहे. जमिनीचे बारीक तपशील टिपणारे उपग्रह साधारण काही शे किलोमीटर उंचीवरून सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने जात असतात. एखादे शहर त्यांच्या टप्प्यात येते ते काही मिनिटांपुरते. आकाशात एकाच जागी स्थिर भासणारे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतात, आणि तेवढ्या अंतरावरून रस्त्यावरचा माणूस वेगळा दिसत नाही. तेव्हा गच्चीवरून पळणाऱ्या माणसाचे अखंड चित्रण उपग्रहाने करणे ही शुद्ध कल्पना आहे. झूम करत करत अंधूक नंबरप्लेट लख्ख करण्याचेही तेच.

आता पुण्याकडे येतो. २०१० मध्ये जर्मन बेकरीत आणि २०१२ मध्ये जंगली महाराज रस्त्यावर बॉम्बस्फोट झाल्यानंतर शहरात कॅमेऱ्यांचे जाळे उभे राहिले, आणि आज सिग्नलवर थांबलेल्या प्रत्येकाला त्याची जाणीव असते. परंतु कॅमेरे असणे वेगळे आणि एका दृष्टीने सारे शहर दिसणे वेगळे. चौकातला कॅमेरा एकाचा, दुकानातला दुसऱ्याचा, सोसायटीच्या फाटकावरचा तिसऱ्याचा. सोसायटीच्या डीव्हीआरचे घड्याळ कित्येकदा दहा-पंधरा मिनिटे पुढेमागे असते, जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, आणि गणेशोत्सवात एखादा मांडव किंवा फ्लेक्स नेमका कॅमेऱ्यासमोर उभा राहतो. तपास करणारी माणसे पायी फिरून, दुकानदारांना विनंत्या करून हे तुकडे जमवतात आणि वेळेचा हिशेब लावत जोडतात. असा तपास दाखवणारा मराठी थरारपट कोणी केला, तर त्यात एकही स्फोट नसला तरी मी तो आवडीने पाहीन.

माझ्या शेजाऱ्यांना मध्यंतरी हेल्मेट न घातल्याबद्दल ई-चलन आले. मोबाइलवर आलेल्या छायाचित्रातली मोपेड काळी होती, यांची पांढरी. तिच्या नंबरातला शेवटचा आकडा चिखलाने अर्धा झाकल्यामुळे आठाचा तीन वाचला गेला होता. छायाचित्र खरे होते, वेळ आणि चौक खरे होते, फक्त माणूस चुकला होता. ते चलन रद्द करून घेताना त्यांना जो मनस्ताप झाला, तो मला 'आरिया'च्या सगळ्या क्रेनपेक्षा अधिक भीतिदायक वाटतो.

चेहरा ओळखणाऱ्या संगणकाचा हिशेबही असाच आहे. समजा, एखाद्या गर्दीच्या रेल्वे स्थानकावर दिवसाला एक लाख चेहरे तपासले आणि यंत्र हजारात फक्त एकदा चुकले, तरी रोज शंभर निरपराध माणसांकडे बोट दाखवले जाईल. त्या दिवशी खरा गुन्हेगार तिथून गेलाच नसेल, तर शंभरच्या शंभर इशारे खोटे. म्हणून मला 'पर्सन ऑफ इंटरेस्ट' ही मालिका (२०११ ते २०१६) या प्रकारात सर्वांत समंजस वाटते. तिच्यातले यंत्र सर्व पाहते, पण नायकांना फक्त एका माणसाचा ओळख क्रमांक देते. तो माणूस बळी ठरणार की गुन्हेगार, हे सांगत नाही. पुढचे सर्व माणसांनी शोधायचे. विशेष म्हणजे अमेरिकी सरकारच्या व्यापक पाळतीचे पुरावे एडवर्ड स्नोडेन यांनी जून २०१३ मध्ये जगासमोर आणले, त्याच्या जवळजवळ दोन वर्षे आधी ही मालिका सुरू झाली होती.

जुन्यांपैकी 'कोलोसस: द फोर्बिन प्रोजेक्ट' (१९७०) चुकवू नका. क्षेपणास्त्रांचा ताबा घेतलेला संगणक आपल्याच निर्मात्याला कॅमेऱ्यांच्या नजरकैदेत ठेवतो. तो शास्त्रज्ञ आपल्या सहकारी डॉक्टरबाईंना प्रेयसी ठरवतो आणि आठवड्यातल्या काही रात्री तरी एकांत मिळावा म्हणून यंत्राशी वाटाघाट करतो, जेणेकरून बाहेर निरोप पोहोचवता यावा. एकांत हा मागून घ्यावा लागतो, ही त्या प्रसंगातली वेदना आपल्याला आज अधिक कळावी. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमुखी निर्णय दिला, तोही एका निवृत्त न्यायाधीशांना त्यासाठी न्यायालयात जावे लागले म्हणूनच. 'द बोर्न अल्टिमेटम' (२००७) केवळ लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरील प्रसंगासाठी पाहावा: प्रत्येक कॅमेऱ्याचा टप्पा कुठे संपतो हे नायकाला ठाऊक आहे, आणि थरार त्या टप्प्यांच्या मधल्या मोकळ्या जागांत आहे.

या सर्वांच्या मुळाशी 'द कॉन्व्हर्सेशन' (१९७४) आहे. फ्रान्सिस फोर्ड कपोला यांच्या या चित्रपटात जीन हॅकमन चोरून संभाषण टिपणारा तज्ज्ञ आहे. भर गर्दीच्या चौकात फिरणाऱ्या जोडप्याचे बोलणे तो अनेक ध्वनिग्राहकांनी टिपतो, गोंगाट गाळून एकेक वाक्य मोकळे करतो, आणि तरीही एका वाक्यात जोर कोणत्या शब्दावर आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही. पुढे 'एनिमी ऑफ द स्टेट'मध्येही हॅकमन तशाच भूमिकेत आहे आणि तिथल्या गुप्त नोंदीत त्याचे तरुणपणीचे जे छायाचित्र दिसते, ते याच चित्रपटातले आहे. तेव्हा आधी १९७४ चा आणि लगेच १९९८ चा, असे दोन्ही लागोपाठ पाहा. पहिला मात्र हेडफोन लावूनच, कारण ते वाक्य प्रत्येक वेळी कसे ऐकू येते यावर सारी कथा अवलंबून आहे.