दगडी हत्यारं घडवायला चर्ट-फ्लिंट (फोडले की धारदार कडा देणारे टणक दगड) शोधायला निघालायस तर हे वाच

आधी जिऑलॉजिकल मॅप (कुठे कोणता खडक आहे ते दाखवणारा नकाशा) उघड आणि चुनखडी कुठे आहे ते बघ, उगाच दिसेल तो दगड फोडत फिरू नकोस. फ्लिंट-चर्ट बरेचदा चुनखडीतच गाठी नाहीतर पट्टे बनून असतात, ती झिजून जाते आणि हे टणक तुकडे वाहत वाहत नदीच्या गोट्यांमध्ये येऊन पडतात, म्हणून पाणी आटलं की पात्र पालथं घाल. बाहेरून पांढरट खडबडीत साल असते, अगदीच टाकाऊ वाटतो, नवखे लोक ओलांडून पुढे जातात! कडेचा एक टवका उडव. आत मेणचट चमक, आणि तुटल्या जागी शिंपल्यावर असतात तशा गोलसर लहरी दिसल्या की काम झालं. दाणे दाणे चमकले तर बहुधा क्वार्टझाइट, म्हणजे दुसराच एक टणक दगड, त्याचीही हत्यारं होतात पण शिकताना नको, वैताग येतो. मोह्सवर (खनिजांचा कडकपणा मोजायची 1 ते 10 ची पट्टी) कडकपणा 7 च्या आसपास, त्यामुळे काचेवर ओरखडा उठायलाच हवा. व्हिनेगरने फसफसला तर चुनखडी, सोडून दे. रंगावर मात्र जाऊ नकोस, काळा, करडा, तपकिरी, लाल काहीही असतो.

घ्यायच्या आधी हातोडीने हलकं टकटक कर, खणखणीत वाजला तर उचल, बद्द वाजला तर आत भेगा आहेत, घडवताना मधेच तुटणार.

आणि फोडताना गॉगल पाहिजेच, घरात बसून तर अजिबात फोडू नकोस, ती दगडातली सिलिकाची धूळ फुफ्फुसात जात राहिली की सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार होऊ शकतो आणि तो बरा होत नाही. जुन्या दगडी हत्यारांच्या साइटवरून काही उचलायचं नाही, घडवलेला तुकडा दिसला तर जागेवरच राहू दे.